आत नेणारी साधने, बाहेर येणारी माणसे : श्वासाचे भान आणि कल्पनाचित्रण यांच्या उपचारांची पार्श्वभूमी

भावनिकदृष्ट्या मिटून गेलेल्या माणसाला पुन्हा माणसांत आणण्यासाठी त्याच्याकडून श्वासाकडे लक्ष देण्याचा आणि मनात चित्रे उभी करण्याचा सराव करून घेणे ही पद्धत आता समुपदेशन केंद्रांत आणि रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत चांगलीच रुळली आहे. ती इतक्या सहजपणे सांगितली जाते की तिच्या मुळाशी असलेली विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ही दोन्ही साधने घडली ती जगापासून मन काढून घेण्यासाठी. अरण्यात, मठात, एकांतात बसणाऱ्या साधकांची ती साधने होती आणि बाह्य विषयांतून मन मागे घेणे ही त्यांच्या दृष्टीने साधनेची सुरुवात होती. ज्याचे मन आधीच मागे सरले आहे, ज्याला आनंद, राग, जिव्हाळा यांपैकी काहीच पुरेसे जाणवत नाही, त्याला परत आणण्याचे काम या साधनांकडे आले ते गेल्या सव्वाशे वर्षांत. हे स्थित्यंतर कसे घडले याचा मागोवा घेतल्याशिवाय आजच्या पद्धतीतले बारकावे, आणि तिच्यातले धोकेही, नीट कळत नाहीत.

आधी त्या अवस्थेविषयी. १९११ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने स्किझोफ्रेनियाचे वर्णन करताना बाह्य जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच आतील जगात राहण्याची प्रवृत्ती हे त्या आजाराचे एक मूलभूत लक्षण मानले. पुढे १९६२ मध्ये ओव्हरऑल आणि गोरहॅम या अमेरिकी संशोधकांनी मनोविकारांची तीव्रता मोजणारी जी छोटी मापनश्रेणी प्रसिद्ध केली, तीत ‘भावनिक माघार’ हा स्वतंत्र मुद्दा होता. समोर बसलेल्या माणसाशी रुग्णाचा भावनिक संपर्क कितपत जुळत नाही, एवढेच त्यात पाहायचे होते. १९८७ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी तयार झालेल्या तीस मुद्द्यांच्या मापनश्रेणीतही तो कायम राहिला. मधल्या काळात, १९८० मध्ये, अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर तणावाचा विकार समाविष्ट झाला आणि भावना बधिर होणे, इतरांपासून तुटल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे म्हणून नोंदली गेली. म्हणजे केवळ तीव्र मनोविकारात दिसणारी म्हणून ओळखली गेलेली ही अवस्था युद्धातून परतलेल्या सैनिकाची आणि अत्याचारातून वाचलेल्या स्त्रीचीही असू शकते, हे मान्य व्हायला जवळपास सत्तर वर्षे गेली.

या अवस्थेचे सर्वांत बोलके निरीक्षण मात्र मोठ्या माणसांवर झालेले नाही. मनोविश्लेषक रेने स्पिट्झ याने १९४५-४६ मध्ये आईपासून दुरावलेल्या तान्ह्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. काही आठवडे रडून झाल्यावर ही मुले माणसांकडे पाहीनाशी होत, हाका मारल्या तरी प्रतिसाद देत नसत, आणि काही महिन्यांच्या आत आई परत मिळाली तर बहुतेक सावरत. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बीबरोबर काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन याने १९५२ मध्ये रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. त्या काळी इंग्लंडच्या रुग्णालयांत पालकांना भेटीसाठी अगदी मोजका वेळ मिळत असे. दुरावलेले मूल आधी आक्रोश करते, मग निराश होते आणि शेवटी अलिप्त होते, असे तीन टप्पे रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी मांडले. तिसऱ्या टप्प्यातले मूल शांत दिसते, खाते, खेळते, परिचारिकांशी हसतेसुद्धा, आणि म्हणून ते ‘रुळले’ असे कर्मचाऱ्यांना वाटत असे. आई आली की मात्र ते तोंड फिरवते. वरवरची शांतता आणि आतली माघार यांच्यातला फरक इतक्या स्पष्टपणे त्याआधी कोणी दाखवला नव्हता. श्वासाचा सराव करून ‘शांत’ झालेल्या माणसाकडे पाहतानाही हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. त्याकडे पुढे येऊच.

आता साधनांकडे. श्वासाच्या भानाचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन पाली वाङ्मयातील आनापानसति सुत्तात आहे. साधक अरण्यात, झाडाच्या मुळाशी किंवा रिकाम्या जागी जातो, पाठ ताठ ठेवून बसतो आणि सोळा पायऱ्यांनी पुढे सरकतो. पहिल्या चार पायऱ्या श्वास आणि शरीर यांच्या, पुढच्या चार वेदनांच्या म्हणजे सुखदुःखाच्या जाणिवांच्या, त्यानंतरच्या चार चित्ताच्या आणि शेवटच्या चार अनित्यता, विराग, निरोध, त्याग यांच्या आहेत. पाचव्या आणि सहाव्या पायरीवर प्रीती आणि सुख यांचा अनुभव घेत श्वास घ्यायचा आहे, दहाव्या पायरीवर चित्त प्रमुदित करत. म्हणजे एकांत अपेक्षित असला तरी भावनाशून्यता अपेक्षित नव्हती. आजच्या सुटसुटीत सूचनांत श्वास मोजणे तेवढे राहिले आणि हा मधला भाग बहुतेक ठिकाणी गळाला, हे मला या इतिहासातले मोठे नुकसान वाटते.

पाली साहित्यातच एक प्रसंग आहे, ज्याची आठवण या विषयावर बोलणाऱ्यांनी नेहमी ठेवावी. वैशालीत बुद्धाने भिक्षूंना अशुभ भावना, म्हणजे शरीराच्या किळसवाण्या बाजूचे चिंतन, सांगितली आणि स्वतः काही दिवस एकांतात राहिला. भिक्षूंनी ती चित्रे मनात इतकी घोळवली की त्यांना स्वतःच्या देहाची शिसारी आली आणि अनेकांनी मृत्यू ओढवून घेतला. एकांतातून परतल्यावर संघ एवढा विरळ का झाला असे बुद्धाने विचारले, तेव्हा आनंद या शिष्याने कारण सांगितले आणि दुसरा एखादा मार्ग सांगण्याची विनंती केली. तो मार्ग आनापानसतीचा होता. मनात उभे केलेले चित्र माणसाला कुठवर नेऊ शकते आणि त्यावर उतारा म्हणून श्वासाकडे कसे वळावे लागते, याची इतकी जुनी आणि इतकी निर्भीड नोंद दुसरीकडे सापडणे कठीण. कल्पनाचित्रण म्हणजे निरुपद्रवी मनोरंजन, असा समज करून घेणाऱ्यांसाठी ती पुरेशी आहे.

पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने या दोन्ही साधनांची जवळपास कार्यपद्धतीच लिहून काढली. श्वास मोजताना पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये, मातीचे अरुणवर्णी मंडल समोर ठेवून ते डोळे मिटल्यावरही तितकेच स्पष्ट दिसेपर्यंत पाहत राहावे, असे तपशील त्याने दिले आहेत. मैत्रीभावनेबाबतचे, म्हणजे सर्वांचे भले व्हावे असा भाव मनात जोपासण्याबाबतचे, त्याचे नियम तर आजच्या समुपदेशकालाही उपयोगी पडावेत असे आहेत. सुरुवात स्वतःपासून करावी, मग आदरणीय व्यक्ती, मग प्रिय व्यक्ती, मग ज्याच्याविषयी आपल्याला काहीच वाटत नाही असा माणूस, आणि सर्वांत शेवटी वैरी. मृत व्यक्तीला मैत्रीभावनेचा विषय करू नये, असेही तो बजावतो. दुःखाने मिटलेल्या माणसाला पहिल्याच बैठकीत गेलेल्या आप्ताचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला सांगणारे आजही भेटतात.

योगपरंपरेत हीच सामग्री वेगळ्या रचनेत येते. पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादातील एकतिसावे सूत्र दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वास-प्रश्वास यांना चित्तविक्षेपाचे सोबती म्हणते. खिन्न मन आणि विस्कटलेला श्वास एकत्र वावरतात, हे निरीक्षण त्यात आहे. पुढे तेहतिसावे सूत्र मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांच्या भावनेने चित्त प्रसन्न होते असे सांगते आणि चौतिसावे सूत्र श्वास बाहेर सोडण्याचा व रोखण्याचा पर्याय देते. दोन्ही उपाय लागोपाठ येतात. परंतु या मार्गाची दिशा प्रत्याहाराकडे, इंद्रिये विषयांतून काढून घेण्याकडे आणि अखेर कैवल्याकडे आहे. हठयोगाच्या पंधराव्या शतकातील ग्रंथात वारा हलला की चित्त हलते आणि तो स्थिर झाला की चित्तही स्थिर होते, असे म्हटले आहे. तिथेही इष्ट आहे ती स्थिरता. माणसांत परतणे हा त्या ग्रंथाचा विषयच नाही.

मराठी मुलखात मनातल्या चित्राला वेगळे वळण मिळाले. विटेवर उभ्या असलेल्या, कटीवर हात ठेवलेल्या सगुण रूपाचे ध्यान वारकऱ्यांनी कीर्तनाच्या आणि दिंडीच्या गर्दीत नेऊन ठेवले. डोळे मिटून पाहिलेले रूप तोंडाने वर्णायचे, टाळाच्या ठेक्यावर म्हणायचे आणि शेजारच्याच्या पाया पडायचे. घरोघरी सांगितली जाणारी मानसपूजा ही तर पूर्णपणे कल्पनेने केलेली पूजा होती: स्नान, गंध, फुले, नैवेद्य सारे मनात, पण क्रमाने आणि स्वतःच्या हाताने. या प्रथांना उपचार म्हणणे काळाचा विपर्यास ठरेल. तरीही चित्र एकांतात पाहायचे की दुसऱ्या माणसाकडे नेणारे करायचे, हा पुढे उपचारपद्धतींत कळीचा ठरलेला प्रश्न इथे आचरणातून सुटलेला होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

युरोपात उपचाराच्या हेतूने चित्र वापरण्याची सुरुवात पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाकडे नेता येते. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधात एका तरुणीची हकीकत आहे. तिच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूची संवेदना गेली होती आणि डाव्या डोळ्याने तिला दिसत नव्हते. बालपणी तिला चेहऱ्याच्या त्याच बाजूला फोड आलेल्या एका मुलाशेजारी जबरदस्तीने झोपवले होते, असे जानेच्या लक्षात आले. संमोहनावस्थेत त्याने तिला तो प्रसंग पुन्हा उभा करायला लावला, पण त्यातले मूल निरोगी आणि गोजिरे असल्याचे सुचवले. तिने त्या कल्पनेतल्या मुलाला कुरवाळले आणि हळूहळू संवेदना परतली. स्मृती पुसता येत नसेल तर तिच्यातले चित्र बदलता येते, आणि चित्र बदलले की बधिर झालेला भाग पुन्हा जागा होऊ शकतो, हा विचार इथे प्रथम स्पष्टपणे दिसतो. आघातग्रस्तांसाठी आज वापरल्या जाणाऱ्या चित्र-पुनर्लेखनाच्या पद्धतींचा हा पूर्वज आहे, जरी संमोहनाचा भाग त्यातून बहुतांशी गळाला असला तरी.

श्वासाची बाजू विल्हेल्म राइख याने उघडली. फ्रॉइडच्या वर्तुळातून बाहेर पडत गेलेल्या या मनोविश्लेषकाने १९३० च्या दशकात, आधी व्हिएन्ना-बर्लिनमध्ये आणि मग नॉर्वेत, रुग्णांच्या शरीराकडे पाहायला सुरुवात केली. भावना दाबताना माणसे श्वास रोखतात किंवा अतिशय उथळ करतात, आणि ही सवय वर्षानुवर्षे टिकली की छाती-पोटाचे स्नायू चिलखतासारखे घट्ट होतात, असे त्याचे निरीक्षण होते. नंतरच्या आयुष्यात तो वैश्विक ऊर्जेच्या सिद्धांतामागे लागला, अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल तुरुंगात गेला आणि १९५७ मध्ये तिथेच वारला. ती ऊर्जा साठवण्यासाठी त्याने बनवलेल्या पेट्यांबरोबर त्याचे निरीक्षणही अडगळीत टाकले गेले. वास्तविक भावना बंद करण्याच्या क्रियेत श्वासाचा वाटा असतो, हे त्याने दाखवले नसते तर श्वास मोकळा करून भावना मोकळ्या करण्याची कल्पनाही पुढे आली नसती.

श्वास आणि चित्र एकाच पद्धतीत एकत्र आले ते १९३२ मध्ये. बर्लिनच्या योहानेस शुल्ट्झ याने स्वसूचनेवर आधारित एक प्रशिक्षण मांडले. त्याच्या सहा मूळ अभ्यासांत अवयवांचे जडपण, ऊब, हृदयाची लय, श्वास, पोटातील ऊब आणि कपाळाचा गारवा यांवर क्रमाने लक्ष द्यायचे असे. श्वासाच्या अभ्यासात श्वास आपण घेत नाही, तो आपोआप चालू आहे, अशा अर्थाचे वाक्य मनात घोळवायचे असे. हे साधल्यावरच वरच्या टप्प्यात जायचे, जिथे आधी रंग, मग वस्तू, मग अमूर्त कल्पना आणि नंतर परिचित माणसांची चित्रे मनात आणली जात. आधी शरीर आणि श्वास, नंतर चित्र, आणि चित्रांत शेवटी माणूस, हा क्रम आजही बहुतेक पद्धतींत सापडतो. शुल्ट्झचे नाव घेताना नाझी राजवटीच्या मानसोपचार संस्थेत त्याने सांभाळलेले पद आणि त्या राजवटीच्या अमानुष धोरणांना दिलेला पाठिंबा वगळता येत नाही. माणसाला स्वतःच्या श्वासाशी जोडणारी पद्धत देणारा माणूसच दुबळ्यांच्या जगण्याच्या हक्काविषयी इतका निष्ठुर होता.

चित्रांची शाखा फ्रान्समध्ये रोबेर देझ्वाय याच्या मार्गदर्शित जागृत स्वप्नांतून आणि १९५० च्या दशकात जर्मनीत हान्सकार्ल लॉयनर याच्या कामातून वाढली. लॉयनर रुग्णाला शिथिल करून ठरावीक प्रसंग कल्पायला सांगे: कुरण, ओढा, डोंगर, घर, जंगलाची कड. यातला महत्त्वाचा भाग चित्रांच्या यादीत नाही. रुग्णाने जे दिसते ते त्याच क्षणी मोठ्याने सांगायचे आणि उपचारकाने शेजारी बसून विचारत राहायचे, हा तो भाग. कुरण वाळलेले दिसले, ओढा आटलेला दिसला, तर तसे सांगायचे. सुंदर करून पाहायचे नाही. मिटलेल्या माणसाला ‘तुला काय वाटते’ असे थेट विचारले तर उत्तर मिळत नाही, पण ओढ्याला पाणी का नाही यावर तो बोलू लागतो, असा या पद्धतीचा आधार होता.

याच सुमारास जोसेफ वोल्पी याने दक्षिण आफ्रिकेत भीतीवरच्या उपचारासाठी शिथिलीकरण आणि कल्पना यांची सांगड घातली; १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पद्धतीत रुग्ण आधी एडमंड जेकबसनच्या तंत्राने स्नायू सैल सोडे आणि मग कमी भीतीच्या प्रसंगापासून जास्त भीतीच्या प्रसंगापर्यंत कल्पनेत चढत जाई. कल्पनाचित्रण प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरू शकते, असा विश्वास तज्ज्ञांना त्यामुळे आला.

याच्या उलट दिशेने वाहणारा आणखी एक प्रवाह आहे, आणि आज सर्वांत जास्त आवाज त्याचाच ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी ‘नवविचार’ चळवळ आणि १९२० च्या दशकात फ्रान्सच्या नान्सीतील एमिल कूए याची स्वसूचना यांतून हा प्रवाह आला, आणि १९७८ मधल्या शक्ती गवेन या अमेरिकी लेखिकेच्या पुस्तकाने ‘क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन’ हा शब्दप्रयोग घरोघरी नेला. हवे ते मनात स्पष्ट पाहिले की ते मिळते, असा त्याचा गाभा. त्याच काळात कार्ल सायमंटन हा अमेरिकी डॉक्टर कर्करोगाच्या रुग्णांना पांढऱ्या पेशी गाठीवर हल्ला करत असल्याचे चित्र पाहायला सांगत होता. त्याने कर्करोग बरा होतो याला पुरावा मिळाला नाही, पण बरे न झालेल्या रुग्णाच्या माथी ‘चित्र नीट पाहिले नाही’ असा दोष मात्र बसला. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञेच्या प्रयोगांत तर इच्छापूर्तीची गोड दिवास्वप्ने रंगवणाऱ्यांची प्रत्यक्ष प्रयत्नांची उमेद कमी झालेली आढळली. माघार घेतलेल्या माणसासाठी हे विशेष चिंतेचे आहे, कारण कल्पनेतले जग पुरेसे सुखाचे झाले तर बाहेर येण्याचे कारणच उरत नाही.

भारतात, आणि त्यातही महाराष्ट्रात, याच प्रश्नावर झालेले काम फारसे सांगितले जात नाही. जगन्नाथ गणेश गुणे उर्फ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. प्राणायाम आणि बंध करताना शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासण्याचा त्यांचा प्रयत्न त्या काळात विलक्षण होता, पण भर शरीरक्रियेवर होता. मनोविकारांकडे तो वळला मुंबईच्या केईएम रुग्णालयात. तिथे डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून पतंजलीच्या संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती मनोदौर्बल्याच्या आणि मनोकायिक आजारांच्या रुग्णांवर वापरून पाहिली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान अशा पाच पायऱ्या त्यांनी घेतल्या. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला आसन-प्राणायामासारख्या दिसणाऱ्या पण धारणा-ध्यान नसलेल्या क्रिया दिल्या, आणि १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात निष्कर्ष छापले. पूर्ण पद्धत घेतलेल्यांत सुधारणा अधिक दिसली. ‘नुसता श्वास पुरतो का’ हा प्रश्न तुलना-गट ठेवून विचारण्याचे धैर्य परळमधल्या एका सार्वजनिक रुग्णालयाने पाश्चात्त्य केंद्रांच्या आधी दाखवले होते. या कामात सहभागी असलेले दिलीप जेस्ते पुढे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यामानाने मूळ प्रयोग मात्र विस्मरणात गेला.

बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही इथे नोंदवायला हवा. मेलँकोलिया प्रकारच्या तीव्र नैराश्याच्या, म्हणजे कशानेच मन हलत नाही अशा ४५ रुग्णांना तीन गटांत विभागून एका गटाला विद्युत उपचार, दुसऱ्याला इमिप्रामीन हे औषध आणि तिसऱ्याला सुदर्शन क्रिया, म्हणजे लयबद्ध श्वसनाची क्रिया, देण्यात आली. पूर्ण आराम पडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३, ७३ आणि ६७ टक्के होते. श्वासाची क्रिया औषधाच्या जवळपास पोचली म्हणून हे आकडे उत्साहाने सांगितले जातात; विद्युत उपचार पुष्कळ पुढे होता आणि प्रत्येक गटात केवळ पंधराच माणसे होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्राची कथा अधिक परिचित आहे. म्यानमारमध्ये जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने त्रस्त होऊन सयाजी ऊ बा खिन या विपश्यना-गुरूंकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नकोस, असे त्यांना सांगण्यात आले होते. उपचार हा धर्माचा दुय्यम परिणाम आहे, अशी ती भूमिका होती. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ आनापान, मग विपश्यना, आणि दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकवून मौन सोडवले जाते. या रचनेकडे मिटलेल्या मनाच्या दृष्टीने पाहिले की लक्षात येते: नऊ दिवस आत नेणारी शिस्त, आणि लोकांत परतण्याआधी एक दिवस इतरांसाठी मन मोकळे करण्याचा. तीव्र मानसिक आजार असलेल्यांना शिबिरात घेतले जात नाही, यामागेही अनुभवातून आलेली सावधगिरी आहे.

ऊ बा खिन यांच्याच परंपरेतली शरीरावरून क्रमाने लक्ष फिरवण्याची रीत, झेन आणि हठयोग यांची मिळवणी करून जॉन कबात-झिन याने १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या वैद्यकीय केंद्रात काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे रुग्ण जुनाट वेदनांनी त्रस्त होते. श्वासाबरोबरच स्वतःला डोंगर कल्पून बसण्याचा एक सरावही तो करून घेई. ऋतू बदलतात, ढग येतात, डोंगर राहतो. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी हाच अभ्यासक्रम नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून बदलून घेतला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांत ते पुन्हा उलटण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के आणि या पद्धतीने ३७ टक्के होते. दोनदाच आजार झालेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. इथे श्वासाकडे वळण्याचा हेतू पूर्ण बदललेला आहे. नकोशा जाणिवेपासून पळण्याची सवयच नैराश्य पोसते, म्हणून त्या जाणिवेजवळ थांबता यावे यासाठी श्वासाचा आधार घ्यायचा.

चित्राचे बळ नेमके कशात आहे, याचे उत्तर एमिली होम्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज यांच्या २००५ च्या प्रयोगाने बऱ्याच अंशी दिले. तेच वर्णन शब्दार्थाने विचारात घेणाऱ्यांपेक्षा चित्ररूपाने कल्पिणाऱ्यांवर त्याचा भावनिक परिणाम अधिक झाला. २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना आपल्या दोन्ही बाजूंना दोन प्रिय माणसे उभी राहून माया पाठवत आहेत अशी कल्पना करायला सांगितले, मग डोळे उघडून तोच भाव एका अनोळखी माणसाच्या छायाचित्राकडे वळवायला लावला. काही मिनिटांच्या या सरावाने अनोळखी माणसाविषयीची जवळीक वाढल्याचे आढळले. बुद्धघोषाच्या क्रमाशी त्याचे साम्य उघड आहे. श्वासाच्या शरीरशास्त्रावरही या काळात पुष्कळ काम झाले. मिनिटाला सुमारे सहा श्वासांच्या गतीला हृदय आणि रक्तदाब यांच्या लयी जुळतात, आणि जपमाळेची प्रार्थना किंवा बौद्ध मंत्र म्हणताना श्वास आपसूक त्याच गतीला येतो, हे २००१ मध्ये इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी याच्या गटाने दाखवले.

धोक्यांची नोंद यामानाने उशिरा झाली. शिथिलीकरणाने काहींची चिंता उलट वाढते, हे १९८३ मध्ये हाइड आणि बोर्कोवेक यांनी दाखवले. १९९० मध्ये ध्यान करणाऱ्यांत स्वतःपासून तुटल्याची, सारे खोटे वाटण्याची अवस्था आल्याच्या मुलाखती रिचर्ड कॅस्टिलो याने छापल्या. २०१७ मध्ये ब्राउन विद्यापीठातील अभ्यासाने भावना बोथट होणे हाही ध्यानाचा नोंदवण्याजोगा अनिष्ट परिणाम मानला. ज्याची मुख्य तक्रारच बधिरता आहे त्याने तासन्‌तास डोळे मिटून श्वास पाहत राहणे हे रॉबर्टसनच्या ‘रुळलेल्या’ मुलासारखे ठरू शकते. आणखी एक अडचण म्हणजे काही माणसांच्या मनात चित्रे उमटतच नाहीत. फ्रान्सिस गाल्टन याने १८८० मध्येच सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवायला सांगून ही गोष्ट नोंदली होती, पण तिला नाव मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. अशा माणसाला ‘समुद्रकिनारा पाहा’ असे वारंवार सांगणे म्हणजे त्याला आणखी एका अपयशाची भर घालणे.

या नोंदींमुळे आजची पद्धत लहान आणि बाहेरच्या दिशेने झुकलेली झाली आहे. डोळे अर्धवट उघडे ठेवण्याची मुभा, काही मिनिटांपुरताच श्वास, पाय जमिनीला टेकल्याची जाणीव, काल्पनिक स्वर्गाऐवजी ओळखीच्या माणसाचा किंवा जागेचा प्रसंग, आणि ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी आवाज, स्पर्श किंवा वास. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांच्या अभ्यासक्रमातला तीन मिनिटांचा सराव या बदलाचा चांगला नमुना आहे. पहिल्या मिनिटात आत्ता मनात आणि शरीरात काय चालले आहे ते ओळखायचे, दुसऱ्यात लक्ष श्वासावर गोळा करायचे, तिसऱ्यात ते पुन्हा सगळ्या शरीरावर पसरवायचे. सातव्या आठवड्यात त्याला एक चौथी पायरी जोडली जाते: सराव संपताच आनंद देणारे किंवा हातावेगळे करता येईल असे एखादे छोटे काम निवडायचे आणि ते लगेच करायला उठायचे. यादीत बहुधा कोणाला तरी फोन करणे असते.